रफीकाने केलेलं निम्मं

रफीका कम्मून एका जागी बसूच शकत नाही, आणि नशिबाने तिला पोटापाण्याला दिलं ते स्वस्थ बसायचं काम. स्फाक्स शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत लोकांचे वीज मोजायचे मल्टिमीटर येतात. ते खरं बोलतात का, हे आम्ही पाहतो. मीटर चार तास चालू ठेवायचा, दार उघडायचं नाही, तारेला बोट लागलं तर बोटाची ऊब उतरेपर्यंत थांबायचं. तेवढा वेळ ही बाई बाहेर येरझाऱ्या घालते. सव्वीस वर्षं झाली, फरशी अजून शाबूत आहे याचंच मला नवल वाटतं.

तिचं दुसरं वेड म्हणजे अधिक-उणे. आकडा सांगितला की तो किती इकडेतिकडे होऊ शकतो तेही सांगायचं, हा आमच्या धंद्याचा नियम. रफीकाने तो गल्लीत नेला. तिथे सगळे तिला मानाने लल्ला म्हणतात, म्हणजे ताई. भट्टीवाला म्हणाला, "पाच मिनिटांत रोटी निघतेय, लल्ला," की हिने विचारलंच, "अधिक-उणे किती?"

"अल्ला जाणे, बाई!"

"मग पाच कशाला म्हणालास?"

मी अन्वर. प्रमाणपत्रावर तिची सही झाली की खालच्या 'तपासले' या रकान्यात माझी. चौदा वर्षं हेच. लल्लाच्या कामात काय तपासायचं? चहा पिता पिता मी सही ठोकायचो.

ईदच्या दुपारी, खारवलेल्या माशाचा पहिलाच घास हातात असताना तिचा फोन आला.

"अन्वर, मी निम्मं केलं."

"कशाचं? माशाचं?"

"थट्टा नको. प्रमाण-स्रोताचं अधिक-उणे. कागदाचा नमुना बदललाय रे परदेशातल्या लोकांनी. माझ्या जिवाला काल रात्रीपासून चैन का नाही, ते आत्ता कळलं."

ज्याच्याशी आम्ही सगळे मीटर ताडून पाहतो, तो आमचा दहा व्होल्टचा प्रमाण-स्रोत दरवर्षी परदेशात तपासायला जातो. येताना कागदावर त्याचं अधिक-उणे लिहून येतं, तेही खबरदारी म्हणून दुप्पट केलेलं. आमच्या गणितात घेण्याआधी आम्ही त्याचं निम्मं करतो. यंदा त्यांनी आकडा दुप्पट न करताच छापला होता, तशी टीपही बारीक अक्षरात होती. रफीकाच्या हाताने सवयीने निम्मं केलं. त्यामुळे आमच्या अकरा प्रमाणपत्रांवरचं अधिक-उणे खऱ्याच्या जवळपास अर्धंच छापलं गेलं होतं. त्यातलं एक गाबेस गावी गेलं होतं, आणि तिथे इस्पितळाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांचे मीटर तपासतात.

दुसऱ्या दिवशी आमचे साहेब, मुन्सिफ, डोकं धरून बसले. "मंगळवारी निरीक्षक येतायत. तुझा सहीचा अधिकार काढून घेतील ते. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत तुझी, रफीका! आकडे तर बरोबर आहेत ना?"

"आकडे बरोबर आहेत. खात्री खोटी आहे."

"अगं, ते अधिक-उणे वाचतो कोण?"

"मी वाचते," ती म्हणाली आणि खोलीभर फिरू लागली.

मीही समजावलं, "लल्ला, निरीक्षक जाऊ देत, मग कळवू." मला तिचीच काळजी आहे, असं मी स्वतःला बजावत होतो. तिने उभ्याउभ्या अकरा फोन केले. गाबेसचा माणूस कुरकुरला, "मी त्यावरून दोन मीटर पास करून दिलेत हो!"

"मग परत मागवा. आजच."

मंगळवारी आलेल्या निरीक्षक बाईंनी रफीकाने चूक कळवायला लिहिलेलं पत्र दोनदा वाचलं. चूक कशी सापडली ते विचारलं, आणि रफीकाने कागदावर सगळं मांडून दाखवलं. मग बाई माझ्याकडे वळल्या.

"या अकरांवर 'तपासले' म्हणून सही तुमची?"

"हो."

"गणित करून पाहिलं होतं?"

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. पण रफीका समोर होती.

"नाही."

संध्याकाळी निकाल हातात आला. रफीकाची सही कायम राहिली. माझी गेली.

मला संताप आला. चूक हिची आणि शिक्षा मला! तिला बोललोही तसं. खिडकीपाशी येरझाऱ्या घालणारी ती थांबली. टेबलावरचं नवं प्रमाणपत्र उचलून तिने माझ्यासमोर ठेवलं.

"सही करू नकोस. नुसतं वाच."

"पुरे कर लल्ला आता."

"घरी, दारी, कुठेच मला कधी स्वस्थ वाटलं नाही, अन्वर. एवढ्या एकाच गोष्टीत चौदा वर्षं निर्धास्त होते. वाटायचं, माझ्यामागून कुणीतरी बघतंय."

मी कागद पुढे ओढला. तिसऱ्याच ओळीत अडलो, आणि तिला विचारायची मला लाज वाटली.