गायकवाड सरांचा सदतीस

स्टाफरूममध्ये न तपासलेल्या वह्या साठतात तसे किस्सेही साठतात. वह्या निदान कधीतरी संपतात. निफाडजवळच्या आमच्या शाळेतले निम्मे किस्से गणिताच्या गायकवाड सरांचे, आणि सरांचे सगळे किस्से एकाच आकड्याचे: सदतीस.

मी मराठी शिकवायला रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "मॅडम, कुठलाही एक आकडा तीनदा लिहा. आता त्या तिघांच्या बेरजेने भागा." मी ५५५ लिहिले, पंधराने भागले. सदतीस. ८८८ घेतले, चोविसाने भागले. पुन्हा सदतीस!

"कुठूनही निघा," सर म्हणाले, "मुक्कामाला इथंच." मी मराठीची बाई, तरी त्या दिवशी डबा खायचा विसरले.

*

एकदा सरांनी चाचणीत दहाही गणितांची उत्तरं सदतीस येतील असा पेपर काढला. पोरं वस्ताद. पुढच्या चाचणीत निम्म्या वर्गाने काहीही न सोडवता सगळीकडे सदतीस लिहून दिलं. सरांना रागावताच येईना.

"श्रद्धा चांगली आहे," ते म्हणाले, "पण पायऱ्या दाखवा."

*

जानेवारीत एका पालकांनी द्राक्षं आणून दिली. सरांनी ताटात मधोमध एक मणी ठेवला, त्याला खेटून सहा, त्यांच्या बाहेर बारा, त्याबाहेर अठरा. नीटस षटकोन झाला.

"मोजा. सदतीस! रांगेत बसत नाही म्हणून नावं ठेवता ना..."

तेवढ्यात पीटीच्या शिंदे सरांनी मधला मणी तोंडात टाकला.

"अहो शिंदे, तो मधला होता!" गायकवाड सर दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

*

सरांच्या आठवी अ मध्ये पोरंही सदतीसच. सव्वीस जानेवारीच्या कवायतीसाठी शिंदे सरांनी सहा-सहाच्या सहा रांगा केल्या, एक उरलं. नऊ-नऊच्या चार केल्या, तरी एक उरलं.

"मूळ संख्या आहे ती. कशानेच भाग जाणार नाही," गायकवाड सर अभिमानाने म्हणाले.

मुख्याध्यापकांना कसला अभिमान! "हजेरीतला शेवटचा नंबर बाहेर बसवा. आठवी ब बघा, छत्तीस जण, कशा सरळ रांगा."

शेवटचा नंबर सोनाली अहिरेचा. दिवाळीनंतर सटाण्याहून आलेली, अबोल पोरगी. तिने शिंदे सरांना तिच्या अहिराणीत विचारलं, "सर, मीच जास्तीनी शे का?"

मला फार वाईट वाटलं. गायकवाड सरांनी त्या दिवशी डबाच उघडला नाही.

*

सव्वीसला झेंडावंदन झालं. आठवी ब च्या रांगांना टाळ्या पडल्या. मग शिंदे सरांनी शिट्टी मारली आणि आठवी अ धावत मैदानात आली, सगळीच्या सगळी. मध्ये एक, भोवती सहा, मग बारा, मग अठरा. मधोमध हातात तिरंगा घेऊन सोनाली. गायकवाड सर खुर्चीतून उठून उभेच राहिले.

पाहुण्यांनी कौतुकाने विचारलं, "मधल्या मुलीची निवड कशी केलीत?"

"उरली होती, साहेब," शिंदे सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर आठवी ब उभी. सहा-सहाच्या सहा रांगा, एकदम सरळ. मॉनिटर पुढे झाला.

"सर, आमच्यात मधलं कोणीच नाय. सोनालीला आमच्या वर्गात द्या."