धरणाखालची देवी

कुठं भिंतीच्या बुडाला ओल दिसली, की ती घटना आजही आठवते. फुलंब्रीच्या अलीकडं एक छोटं मातीचं धरण आहे. रविवारी शहरातली माणसं तिथं होडीत बसायला, भजी खायला यायची. मी त्या हद्दीत फौजदार होते.

त्या साली धरण तुडुंब भरलं अन् भिंतीच्या पायथ्याला झरा फुटला. लोक म्हणाले, गंगा प्रकटली! लगेच विटांचा ओटा बांधला, त्यावर देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेला गोल दगड, मांडला. खालच्या वस्तीतली एक म्हातारी पूजेला बसली, झऱ्याचं पाणी तीर्थ म्हणून द्यायला लागली. नवरात्रात तर बायकांची रीघ लागली.

अष्टमीच्या सकाळी ठाण्यात घोळका आला. ओटा फोडला, देवी पळवली! संशय माळावर उतरलेल्या मेंढपाळावर.

"मॅडम, त्याला आत घ्या, नायतर आम्ही बघतो."

मार खाऊ नये म्हणून त्याला ठाण्यात आणून बसवलं अन् मी पंचनाम्याला गेले. विटा विस्कटलेल्या, पण समई बाजूला नीट उभी केलेली. आता सांगा, रागानं फोडणारा माणूस समई सांभाळत बसेल का?

तेवढ्यात भजीवाला कानाशी लागला. "मॅडम, देवीवर माशी बसली तरी म्हातारी बोंबलायची. आज देवी गेली, तरी गप हाय."

मी एकटीच तिच्या घरी गेले. तिनं चहा ठेवला. मी सहज विचारलं, "मावशी, देवी जेवली का?"

"व्हय, सकाळीच निवद दाव..." अन् तिनं जीभ चावली.

देवी ज्वारीच्या कणगीत होती, लुगड्यात गुंडाळलेली.

"परवापासून तीर्थ गढूळ यायलंय, माय," म्हातारी रडत म्हणाली. "भिंतीची माती वाहायली. अन् तिच्याच खाली सारी गर्दी! भिंत गळायली म्हणले असते, तर मलाच हाणलं असतं. देवीच नसली, तर कोण येतंय तिथं?"

तिच्या तीर्थाच्या तांब्यात पाहिलं. तळाला माती बसलेली. चहा तसाच ठेवून मी पळाले. वायरलेसवर निरोप दिला, धरणाची जागा अन् खालची वस्ती रिकामी केली. इंजिनिअर आले, दरवाजा उघडून पाणी सोडलं. संध्याकाळी, ऐन आरतीच्या वेळेला, ओट्याच्या जागची माती धसली. तिथं कुत्रंसुद्धा नव्हतं. रात्रभर वाळूची पोती टाकून भिंत सावरली. सकाळी पाणी उतरलेलं बघितलं, तेव्हा कुठं माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

ठाण्यात येऊन मेंढपाळाला म्हटलं, "जा बाबा, सुटलास."

तो म्हणाला, "जेवण येऊ द्या की, मॅडम."

तक्रारदारांनी मान खाली घालून तक्रार मागं घेतली. मी मात्र एक गोष्ट गाठीला बांधली. गुन्ह्याच्या जागी काय मोडलं ते सगळेच बघतात, काय जपलं तेही बघावं.

मुळांनी भिंत पोखरणाऱ्या बाभळी काढल्या, पाझर बुजला, दर पावसाळ्याआधी तपासणी सुरू झाली. देवी टेकडीवर बसली. मी दर्शनाला गेले, तर म्हातारीनं ओंजळीत तीर्थ घातलं. मी जरा निरखून बघायला लागले.

"बिनघोर घे, माय," ती हसली, "नळाचं हाय."