समोरच्या काकूंचा पेपर

घोडबंदर रोडवरच्या आमच्या टॉवरमध्ये समोर राहणाऱ्या काकू आपल्या दुखण्याला ‘बाईसाहेब’ म्हणतात. ‘आज बाईसाहेब पहाटेच उठल्या गं,’ एवढंच. त्यापलीकडे कण्हणं नाही. पाठीच्या ऑपरेशननंतर त्यांना वाकताच येईना. रोज सकाळी हाक मारायच्या, ‘अगं, जरा पेपर उचलून देतेस?’ आणि पेपर हातात आला की, ‘आलीच आहेस तर चहा घे.’ ऑफिसची बस चुकेल म्हणून मी आतल्या आत चरफडायचे, पण थांबायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या पोटावर, कातडीखाली पंप बसवला. बूटपॉलिशच्या डबीएवढा. त्यातलं वेदनाशामक औषध बारीक नळीने थेट मणक्यात जातं. संपत आलं की माजिवड्याच्या हॉस्पिटलात सुईने पुन्हा भरतात. ‘बाईसाहेब घरातच आहेत,’ काकू म्हणाल्या, ‘पण आता आतल्या खोलीत बसतात.’ मागच्या वेळी मीच सोबत गेलेले. डॉक्टर म्हणाले, ‘आता वाकायला काही हरकत नाही.’ तरी सकाळची हाक सुटली नाही. मला वाटलं, भीती असेल.

परवा कचरा ठेवायला दार किलकिलं केलं. काकू वाकल्या, अगदी सहज. पेपर उचलला, पहिलं पान वाचलं, घडी नीट केली आणि परत वाकून उंबऱ्याबाहेर ठेवला.

मी हळूच दार लावून घेतलं.

मिनिटभरात हाक आली, ‘अगं, जरा पेपर उचलून देतेस?’

मी गेले, वाकले, पेपर त्यांच्या हातात दिला.

‘काकू,’ मी म्हटलं, ‘आलेच आहे तर चहा घेते.’