शबीबच्या हातावरची शाई

स्पेनमधल्या तोलेदोत मेणबत्त्या विकणारा शबीब जन्माचा ख्रिस्ती, पण घरातलं बोलणं सगळं अरबी. बायको युस्ताशी भांडायचा तेही अरबीतच. म्हणून तर फ्रान्सहून आलेल्या पाद्री बेरेंगारने त्याला हाताशी धरलं. पाद्रीला कुराण लॅटिनमध्ये उतरवायचं होतं, वर त्याचं खंडनही लिहायचं होतं. शबीबने अरबी वाचून दोघांना कळणाऱ्या बाजारच्या बोलीत सांगायचं, पाद्रीने लॅटिनमध्ये लिहून काढायचं.

पण पाद्रीकडच्या प्रतीची मधली पानं कसरीने खाल्लेली. मग शबीब शेजारच्या फरजकडे गेला. फरज मुसलमान, खोगिरं शिवणारा. त्याच्याकडे वडिलांच्या हातची प्रत होती.

"तो आमच्याविरुद्ध लिहिणार, आणि पुस्तक मी द्यायचं?"

"खरंय बाबा. नको देऊस."

फरजने सुई खोगिरात खोचली. "ने! फाटक्या प्रतीवरून भलतंच काही लिहील. पण हात धुऊन धर. आणि शाईचा ठिपका पडता कामा नये."

"पडला तर ही दाढी तुझ्या कातरीला दिली!"

दाढी पणाला लावली खरी, पण पाद्रीची खोड शबीब विसरलाच. कोरा समास दिसला की त्या माणसाचे हात शिवशिवायचे. स्वतःच्या पुस्तकांत त्याने मुंगीला चालायला जागा ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी येशूच्या आईची, मरियमची हकीकत आली. खजुराच्या झाडाखाली बिचारी एकटी, कळा देतेय. शबीबचा आवाज मऊ झाला. पाद्री मात्र ताडकन उठला. "हे आमच्या शुभवर्तमानात नाही!" लेखणी दौतीत बुडवून थेट समासाकडे.

शबीबने समासावर पंजा ठेवला. लेखणी त्याच्या हातावर फर्रकन ओढली गेली.

"हात काढ, वेड्या!"

"हातावरच लिहा पाद्रीबाबा, खुशाल लिहा. हात माझाय, पुस्तक फरजचं."

पाद्री लालबुंद झाला, मग खो खो हसत सुटला. चर्मपत्राची कातरणं घेऊन बसला आणि पुढची टिपणं त्यांच्यावरच लिहिली.

युस्ताने हात घासघास घासला. "दागिना बरा मिळालाय!" डाग हटेना.

चौथ्या दिवशी पुस्तक परत गेलं. फरजने पान न् पान उजेडात धरलं. स्वच्छ. मग त्याला तो हात दिसला. शबीबने सगळं सांगितलं. फरजने आतून लिंबू आणलं, शबीबचा हात मांडीवर घेतला आणि स्वतः चोळत बसला.

"दाढी ठेव तुझी," एवढंच म्हणाला.

पुढे म्हातारपणी शबीब गिऱ्हाइकांपुढे हात नाचवायचा. "दिसतंय काही? नाही ना? फरजने पुसलंय!"