आबांनी न सांगितलेलं नाव

कोर्टात आबांना चार वेळा विचारलं गेलं, "हे कोणी लिहिलं?" चारही वेळा त्यांनी नाव सांगितलं नाही.

आज सकाळी आबा गेले.

लिहिलं मी होतं. माझं नाव पोस्टच्या वर दिसतंच आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटाकडची. सुरतच्या डिंडोलीत आबांचं दुकान होतं. एसटीडी, झेरॉक्स आणि आत पडद्यामागे एक कॉम्प्युटर. नेट लागायला पंधरा मिनिटं, तुटायला एक.

अख्ख्या गल्लीचा ईमेल एकच होता. आबांच्या दुकानाचा. कोणाचा इंटरव्ह्यू असो की कोणाच्या मुलीचं स्थळ, सगळं त्याच पत्त्यावर यायचं आणि आबा प्रिंट काढून घरी नेऊन द्यायचे.

मी तेव्हा एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये होते. नुकतीच बी.एस्सी. झालेली, अंगात भलती हुशारी. जॉइन होताना एका कागदावर सही केली होती, की लॅबमधलं काहीही बाहेर बोलणार नाही.

मग एक नवा रंग आला. ड्रमवरची लेबलं खरवडलेली, वर नुसता नंबर. एका ड्रमचं लेबल खरवडायचं राहून गेलं होतं, ते मी वाचलं. बाहेरच्या देशांत बंद केलेला रंग होता तो.

खाली कामगार तो हाताने कालवायचे. महिनाभरात लोकांच्या हातांची सालं निघायला लागली.

आमच्या शेजारचे सुकलालभाऊ त्यातलेच. त्यांना भाकरी मोडता येईना. त्यांची बायको कुस्करून द्यायची आणि हा धिप्पाड माणूस खाली मान घालून खायचा.

मी मॅनेजरकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "बेन, सही याद छे ने?"

सही आठवत होती. पण रोज संध्याकाळी शेजारचं ताटही दिसत होतं. मला राग आवरेना.

परदेशी कापडवाले नेटवरच्या एका मेसेज बोर्डवर सुरतच्या मिल्सची चौकशी करायचे, हे आबांनीच दाखवलं होतं. मी सांगत गेले, आबा दोन बोटांनी टाइप करत गेले. नाव घातलं नाही. शेवटी बोर्डाने ईमेल मागितला.

आम्ही दुकानाचा टाकला. दुसरा होता कुठे? एवढे आम्ही शहाणे.

दोन महिन्यांनी एका खरेदीदाराने त्या मजकुराचा फॅक्स मिलला पाठवून विचारलं, हे काय आहे?

मिल कोर्टात गेली. आमच्या नोकराने गुपित फोडलंय, दुकानदाराने त्याचं नाव द्यावं.

नाव फुटलं असतं तर माझी नोकरी गेली असती. आणि त्याच मालकाच्या लूमवर असलेले माझे बाबाही घरी बसले असते. त्यांना तर यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी दुकानात जाऊन रडले. म्हटलं, "आबा, सांगून टाका. माझ्यापायी तुमचं दुकान नको जायला."

आबा माऊसमधला गोळा काढून पुसत होते. म्हणाले, "पोरी, लिखनारानं बोलू नई. खोलीवरला कायदा शे."

आबा शिरपूरहून सुरतेत लूम चालवायला आले, तेव्हा एका खोलीत पंधरा जण राहायचे. लिहिता येणारे एकटे आबा. सगळ्यांची घरची पत्रं तेच लिहायचे. कोण दारूला लागलं, कोणाची बायको माहेरी गेली, कोणाला रक्ताची उलटी झाली, सगळं त्यांच्या हातून जायचं. आणि त्यांनी तोंड उघडायचं नाही, हा तिथला नियम.

कोर्टाच्या दिवशी मी दाढ दुखते म्हणून सुट्टी घेतली आणि मागच्या बाकावर बसले.

मिलच्या वकिलाने आधी दुकानाचं रजिस्टर मागितलं. त्यात आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे नुसती गावं. शिरपूरवाला, साक्रीवाला, अमळनेरची मावशी. वकिलाने पानं उलटली आणि रजिस्टर बाजूला ठेवलं.

मग चार वेळा तोच प्रश्न. आबांचं उत्तरही तेच. "साहेब, हाथ मारो, वात बीजानी. जेनी वात, ए कहेशे."

हात माझा, गोष्ट दुसऱ्याची. ज्याची गोष्ट, तो सांगेल.

जेलचं नाव निघालं. मी उठून उभी राहणारच होते.

वकील तावात होता. लिहिलेलं सगळं खोटं आहे, आमची बदनामी झाली. आणि आमच्या लॅबचं गुपित बाहेर गेलं.

इतका वेळ खाली बघून लिहिणाऱ्या जजसाहेबांनी चष्मा काढला. "भाई, आ खोटुं छे के खानगी? बन्ने साथे न चाले."

खोटं असेल तर गुपित कसलं? आणि गुपित असेल तर ते खरं झालं की.

ड्रममध्ये काय आहे ते आधी लेखी द्या, नावाचं मग बघू, असं साहेब म्हणाले.

वकिलाने तारीख घेतली. मग अजून एक. तिसऱ्या वेळी मिलने अर्ज मागे घेतला. आठ महिने चाललं होतं हे.

तोवर खरेदीदाराने टेस्ट रिपोर्ट मागितला होता. ड्रम गेले, हातमोजे आले. पुढच्या दिवाळीत सुकलालभाऊंनी स्वतःच्या हाताने भाकरी मोडली. मी भिंतीआडून बघितलं आणि खूप रडले.

आज आबांच्या घरी गेले. जिजी, म्हणजे आबांची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी बसून मी त्यांना सगळं सांगितलं.

जिजी माझ्याकडे वळल्या.

"माले वाटे, ते यास्नीच लिखेल शे."

आबांनीच लिहिलंय असं समजून ते आठ महिने जिजी रोज जेवताना त्यांच्या मागे लागायच्या. कबूल करा, मिलवाल्यांचे पाय धरा, आपल्याला लेकरं आहेत. आबा ऐकून घ्यायचे, जेवायचे आणि दुकानात जायचे.

घरच्या माणसालाही सांगितलं नाही त्यांनी. माझ्यासाठी.

मी मान खाली घातली. जिजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरं करं तू, बेटी. अन् यास्नी बी बरं करं." मी केलं ते चांगलं, आणि आबांनी केलं तेही.

आबा, रामराम.

जिजींना मी सांगितलंय.