ओढ्यापलीकडचा मांडव

बार्शीहून निघालेल्या वऱ्हाडाच्या बैलगाड्या दुपारी एका कोरड्या ओढ्यापाशी थांबल्या. पलीकडे मोगलाई (निजामाचं राज्य) सुरू होत होती. ओढ्याला याची कल्पना असल्याचं दिसलं नाही. दोन्ही काठांवर तीच बाभळ, तीच काळी माती. पलीकडे करोडगिरीचा नाका (जकातीची चौकी) होता, आणि राज्याचा सगळा रुबाब तिथल्या जमादाराच्या मिशांत मावला होता.

मी नवऱ्या मुलाचा मित्र, पुण्यात फ्रेंच शिकवतो. आमच्या गाडीत चक्क वधूपिता होते, तात्या. गावात सभा भरवली म्हणून तात्यांना मोगलाईतून हद्दपार केलेलं. ओढा ओलांडला की तुरुंग. पण लग्न घरच्या देवीपुढेच लागायचं, हा त्यांचा रिवाज. आणि देवी पलीकडे.

वाटेत तात्यांनी विचारलं होतं, "हद्दपारीला तुमच्या फ्रेंचात काय म्हणत्यात?"

"देपेइझमाँ. मुलूख सुटणं. आणि सुटल्यावर सगळं परकं वाटतं, तेही त्यातच आलं."

"मला तर कायबी परकं वाटंना. त्यो चिंचेचा शेंडा दिसतोय न्हवं? आमच्या हिरीवरची हाय."

इतक्या जवळच्या हद्दपारीचा फ्रेंचांनी विचार केलेला नसावा.

सीमांतपूजन म्हणजे वधूपित्याने शिवेवर वराची पूजा करून त्याला गावात न्यायचं. पुण्यात ते कार्यालयाच्या दारात, सनईच्या गजरात उरकतात. इथं शीव खरीच होती. तात्यांनी अलीकडच्या काठावर पाट मांडला.

"तात्या, फुडं पाऊल टाकू नगा," जमादार पलीकडून म्हणाला. "तुमाला धरावं लागंल, अन् माझं जेवान बुडंल."

"तुमाला आवतान हाय व्हय?"

"म्हंजी? घरचं कार्य हाय."

तात्यांनी जावयाचे पाय धुतले, कुंकू लावलं, शेला दिला. मग हात धरून न्यायचं, तिथं त्यांनी हात सोडला. "जावा तुमी."

पाहुणे आत गेले. यजमान बाहेर राहिले.

लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. ताशेवाल्यांना मांडवाबाहेर, ओढ्याकडे तोंड करून उभं केलं होतं. ताशा ऐकला की तात्यांनी तिकडून अक्षता टाकायच्या, असं ठरलं होतं. ताशेवाल्यांनी हात मोडेस्तोवर बडवलं. पुरणपोळी उत्तम होती. जमादारानं तीनदा वाढून घेतलं, आणि ओढ्याकडे पाहिलं नाही.

सकाळी नवरी निघाली. शिवेपर्यंत रडायची रीत आहे. ती ओढ्याच्या मध्यावरच रडायची थांबली आणि अलीकडच्या काठावर तात्यांपाशी आली.

"तात्या, अक्षदा टाकल्या का?"

"टाकल्या की. पर वारं उलटं हुतं. माझ्याच डोईवर पडल्या."

पटका त्यांनी रात्रभर सोडला नव्हता. तिनं त्याच्या घड्यांतून तांदळाचे दाणे वेचले आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवले. तात्या वाकून उभे होते, तिला पुरेसे मिळेपर्यंत.

परतताना ती मागे तोंड करून बसली, तात्या पुढे.

"शेंडा दिसतोय का गं?"

"दिसतोय," ती म्हणाली. वळण मागे पडलं होतं. मीही मागेच पाहत होतो. शेंडा दिसत नव्हता.

पुण्यात वर्गात देपेइझमाँ हा शब्द आला, तेव्हा मी कोशातला अर्थ सांगितला. मुलांनी तो उतरवून घेतला.