वकील म्हणतात, दादा ठणठणीत आहे

मंडळी, आत्ताच कोर्टातून आलेय. डोकं तापलंय.

दुष्काळात करमाडजवळ पाण्याच्या टँकरनं माझ्या भावाला उडवलं. मेंदूला मार लागला. भरपाईच्या दाव्यात आज विमा कंपनीच्या वकिलांनी दादाला नाव-गाव विचारलं. त्यानं सांगितलं. वकील जजकडं वळून म्हणाले, "माणूस ठणठणीत आहे, साहेब."

अहो, ते नाव-गाव वहिनी रोज सकाळी त्याच्याकडून घोकून घेते.

आमची मेंढरं आहेत. कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं, हे दादा अंधारातही ओळखायचा. आता भलत्याच मेंढीखाली लावतो. ती ढुशी मारते, कोकरू उपाशी राहतं. हे कोर्टात कुणी विचारलंच नाय.

बाहेर आल्यावर दादा खुशीत म्हणाला, "समदं बरोबर सांगितलं ना मी?"

ह्याला ठणठणीत म्हणायचं का? तुम्हीच सांगा.